जोड-फाटकाची दांडी कशी निवडायची

भाऊ, दोन पल्ल्यांच्या फाटकात एक पल्ला ढकलला की दुसराही सोबत फिरावा, म्हणून दोघांना जोडणारी ही दांडी. दोन्ही पल्ले वावराकडेच उघडायचे असतील तर ते फिरतात उलट दिशांना, हे आधी डोक्यात पक्कं बसव. दांडीचे हात, म्हणजे पल्ल्याला बिजागरीपाशी पक्क्या केलेल्या अन् दांडीचं टोक धरणाऱ्या पट्ट्या, दोघांना एकाच बाजूने लावले, की एक पल्ला आत जाईल अन् दुसरा बाहेर. म्हणून एक हात बिजागरीच्या आतल्या बाजूला, दुसरा बाहेरच्या. दांडी मधून तिरपी.

दोन्ही हात सारख्या लांबीचे घे. पल्ला अर्धा उघडला असताना हात दांडीशी जवळपास काटकोनात यायला पाहिजे. मग ९० अंशांच्या फिरण्यात हात दोन्हीकडे ४५-४५ जातो, कुठंच अडकत नाही. मधल्या प्रवासात एक पल्ला थोडा मागे राहील; तो दोष नाही, टोकाला जुळतात.

दांडी सळईची नको, ढकलताना वाकते. पाइप घे.

आपल्याकडे खरा त्रास काळ्या मातीचा. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब हलतात अन् अंतर बदलतं. म्हणून दांडीत टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड, हवंच. दांडी वरून नेऊ नको, कुटाराची ट्रॉली अडकेल. जमिनीतल्या नालीतून ने, पण नालीला उतार दे, नाहीतर गाळ बसून सगळं जाम होईल. वेल्डरकडे जाण्याआधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या अन् टाचण्यांनी एकदा फिरवून बघ.