भारतातून घोडी घेऊन ऑस्ट्रेलियाला राहायला जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खारघरला राहता, रेसमधून निवृत्त झालेली घोडी पनवेलकडच्या तबेल्यात ठेवली आहे, मेलबर्नला नोकरी लागली आहे, घोडी सोबत न्यायला खर्च किती?

खर्चापर्यंत गाडी जातच नाही. भारतातून थेट ऑस्ट्रेलियात घोडा नेता येत नाही. कोणत्या देशांतून घोडे घ्यायचे याची त्यांच्या कृषी खात्याकडे यादी असते, आणि तीत भारत नाही. हे कळायला मला चार महिने आणि एजंटाला दिलेला ॲडव्हान्स घालवावा लागला, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी घोडबंदर रोडवर राहते. इथल्या बंदरात अरबी घोडे उतरायचे म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. त्याच रस्त्यावरून मी २०१८ मध्ये घोडी बाहेर पाठवायला निघाले होते. कस्तुरी महालक्ष्मीला धावलेली, सहा वर्षांची, तुमच्यासारखीच पनवेलच्या पुढे ठेवलेली. नवऱ्याची मेलबर्नला बदली झाली तेव्हा मला वाटलं, माणसांचा व्हिसा होतो तसा घोडीचाही होईल. एजंट म्हणाला, ‘होऊन जाईल मॅडम.’ या वाक्यापासून सावध राहा.

त्याची युक्ती अशी होती की घोडी आधी यादीतल्या एखाद्या देशात न्यायची, ठरलेला काळ तिथेच ठेवायची आणि मग पुढे पाठवायची. म्हणजे दोन विमानं, परक्या देशातल्या तबेल्याचं महिन्यांचं भाडं, आणि मेलबर्नजवळ मिकलहमच्या सरकारी केंद्रात किमान १४ दिवस क्वारंटाइन. कस्तुरीच्या किमतीच्या कित्येक पट आकडा झाला. तरीही मी हो म्हटलं होतं. घोडं अडलं ते रक्ताच्या चाचणीवर.

डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून रक्त काढलं. कस्तुरीने फक्त एक कान मागे टाकला आणि तोबऱ्यातली चंदी खात राहिली. घोड्यांच्या अशा चाचण्यांचं आपल्याकडचं मुख्य ठिकाण म्हणजे हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. ग्लँडर्स नाही, इन्फेक्शस ॲनिमिया नाही. पायरोप्लाझ्मोसिस मात्र पॉझिटिव्ह. हा आजार गोचिडांतून पसरतो, आणि एकदा झाला की जंतू बऱ्याचदा जन्मभर रक्तात राहतात. घोडी धडधाकट, दुडकीत पळतेय, खरारा करताना अंगावरून हात घसरतोय, आणि कागदावर मात्र ती वाहक. पनवेलचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. गोचीड कधीच लागली नाही असं जनावर तिथे शोधून दाखवा. एजंटाने ही चाचणी सगळ्यात आधी करायला हवी होती. त्याने ती पैसे घेतल्यावर केली.

ऑस्ट्रेलियाचे लोक उगाच कडक नाहीत. २००७ मध्ये बाहेरून आलेल्या घोड्यांबरोबर इन्फ्लुएंझा क्वारंटाइन केंद्रातून निसटला. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये तो हजारो घोड्यांना झाला, रेस बंद पडल्या. तेव्हापासून ते ताक फुंकून पितात.

‘आपले रायडर मग परदेशात खेळतात कसे?’ असं तुम्ही विचाराल. त्यांचे घोडे युरोपातच असतात. २०२३ च्या हांगझोउ एशियाडमध्ये ड्रेसाजचं (घोड्याच्या तालबद्ध चालींची स्पर्धा) सांघिक सुवर्ण आलं ते अशाच घोड्यांवर. जुलै २०२५ मध्ये मीरत छावणीतल्या लष्कराच्या केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली, आता तिथले घोडे स्पर्धांसाठी बाहेर जाऊ शकतील अशी आशा आहे. पण ही सोय त्या कुंपणाच्या आतल्या घोड्यांसाठी. आपल्या पनवेलच्या तबेल्याला तिचा काही उपयोग नाही. आणि घोडी मारवाडी किंवा काठियावाडी असेल तर या देशी जातींच्या निर्यातीवर आपल्याच सरकारची बंधनं आहेत, ते वेगळंच.

आता समजा तुमची बदली एखाद्या सोप्या देशात झाली आणि रिपोर्टही स्वच्छ आले. तरी प्रवास कसा होतो ते बघून मग ठरवा. मालवाहू विमानात पेटीसारखा स्टॉल असतो, त्यात तीन घोडे शेजारी शेजारी उभे राहतात. ऐसपैस जागा हवी असेल तर दोनच ठेवायचे, पैसे अर्थात जास्त. सोबत माणूस जातो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे वाटेत पोटशूळ उठला तर जिवावर बेततं. आणि डोकं वर बांधून तासन्‌तास उभं ठेवलं की छातीत साचलेलं बाहेर पडत नाही, फुप्फुसाला सूज येते. घोडा मान खाली घालून नाक साफ करतो, हे आपल्या कधी लक्षातही येत नाही. आम्ही सरावासाठी कस्तुरीला नुसतं ट्रकमध्ये चढवायचं ठरवलं. पहिल्या दिवशी फळीवर पाय ठेवेना. मोतद्दारमामांनी फळीवर तिच्याच ठाणातलं मुतलेलं गवत पसरलं, तेव्हा वास घेत घेत पाऊण तासाने चढली. दोर आखूड बांधला होता, तर मामा मला म्हणाले, ‘ताई, ढिला सोडा, तिला खाली बघू द्या.’ वीस मिनिटांच्या फेरीत ती घामाने भिजून गेली होती.

शेवटी मी तिला कर्जतकडच्या ओळखीच्या एका घरी दिलं. विकली नाही. महिन्याची चंदी, नालबंद आणि डॉक्टर माझ्याकडे, वापर त्यांच्या मुलीचा, आणि ‘आम्हाला न विचारता पुढे देणार नाही’ हे कागदावर लिहून घेतलं. तुम्हीही लिहून घ्या, ओळख कितीही जुनी असली तरी. नाहीतर निवृत्त घोडा हातोहात फिरत कुठे पोचतो ते कळतही नाही. मेलबर्नला आठवड्यातून एकदा एका तबेल्यात पैसे देऊन दुसऱ्यांच्या घोड्यांवर बसायचे. तीन वर्षांनी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी कर्जत गाठलं.

तिने मला ओळखलं का? खिंकाळली वगैरे काही नाही. पिशवी हुंगली, गाजर काढून घेतलं आणि पाठ फिरवली. मामा म्हणाले, ‘रुसलीय.’ मला वाटतं भूक लागली होती.