नाट्यपद कॅमेऱ्यासमोर: गाणारा घ्यावा की नट?

प्रश्न: आमचा कॉलेजचा गट संगीत नाटकातल्या एका प्रवेशावर लघुपट करतोय. एक मुलगा अभिनयात तयार आहे, पण गळा बेताचा. दुसरा उत्तम गातो, पण कॅमेऱ्यासमोर अवघडतो. नायक कोणाला करावं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: नटाला करा. केशवराव भोसले नाट्यगृहासारख्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत गळा पोहोचतो, डोळे नाहीत. क्लोजअपमध्ये नेमकं उलटं. १९६७च्या ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकात वसंतराव देशपांडे खाँसाहेब रंगवत आणि गातही. २०१५च्या चित्रपटात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर, आवाज राहुल देशपांडे यांचा. सुबोध भावे यांच्या सदाशिवला महेश काळे यांनी आवाज दिला. शंकर महादेवन मात्र पंडितजी होऊन स्वतःच गायले.

उसना गळा पकडला जातो तो श्वासावरून, ओठांवरून नव्हे. पद आधी ध्वनिमुद्रित करा आणि त्या वेळी गायकाचा चेहरा व छाती समोरून मोबाइलवर टिपून ठेवा. नटाने पदाच्या कागदावर श्वासाच्या जागी रेघा माराव्यात आणि तिथेच दम घ्यावा. चित्रीकरणात नुसते ओठ हलवू नयेत, मोठ्याने गावं. बेसूर झालं तरी चालेल, कारण तो आवाज वापरायचा नाही. पण गळ्याच्या शिरा आणि पोट खरं काम करताना दिसलं पाहिजे. तानेत नवखे नट प्रत्येक सुराला जबडा हलवतात, ते हमखास खोटं दिसतं. ‘आ’ या स्वरावर घेतलेल्या तानेत तोंड उघडं आणि जबडा बराचसा स्थिर असतो. तेवढा भाग बाजूने घ्या.

दुसरी फसगत पदाआधीच्या शेवटच्या वाक्यात होते. संवाद वाड्यात आणि पद स्टुडिओत मुद्रित केलं, की खोली बदलल्याचं कानाला लगेच कळतं. ते वाक्य स्टुडिओत त्याच माइकवर नटाकडून पुन्हा बोलून घ्या. गायकही असा निवडा, ज्याच्या बोलण्याचा पोत नटाच्या जवळ जाईल. माझ्या मते तयारीच्या तानांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

प्रश्न: मग सेटवर थेट गाऊन घेणं चूकच का?

उत्तर: मुळीच नाही. आपल्या कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर गायले; पार्श्वगायन तेव्हा आलेलंच नव्हतं. ‘ले मिझेराब्ल’ या इंग्रजी संगीतपटात (२०१२) नटांच्या कानात पियानो वाजत होता आणि वाद्यवृंद नंतर चढवला. तुम्ही कानात तानपुरा आणि हळू ठेका द्या. अडचण लयीची: ठेका नसेल तर प्रत्येक टेकची लय वेगळी पडते आणि दोन टेक जोडता येत नाहीत. ठेक्याशिवायचा आलाप घ्यायचा असेल, तर दोन कॅमेरे एकदम चालवा.