‘इतर’ नावाचा रकाना

‘दोघंही कमावतो, उधळपट्टी नाही, हिशेबही लिहितो. तरी महिनाअखेरीला पैशावरून वाजतंच. आमचं चुकतं कुठे?’ माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांच्या तोंडी हा प्रश्न वारंवार असतो. त्याचं उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घरात पाच माणसं. तिची ठरलेल्या पगाराची नोकरी. तो घरांच्या सजावटीची कामं घेतो. एखाद्या महिन्यात मोठी रक्कम एकदम हातात येते आणि मग दोन-दोन महिने बिलं अडकून पडतात. दोन शाळकरी मुलं आणि त्याची आई. हिशेब तिच्याकडे, कारण तिला त्यात गती आहे. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, “मॅडम, मी बजेट आखते आणि घरातले सगळे मिळून ते मोडतात.” तो म्हणाला, “दारातून आत आलो की पावती मागते. मला माझ्याच घरात चोरासारखं वाटायला लागलंय.”

पुढच्या भेटीला हिशेबाची वही आणायला सांगितली. वही सुबक होती. पट्टीने आखलेले रकाने: घराचा हप्ता, किराणा, वीज, शाळा, प्रवास, औषधं. सगळ्यात शेवटी ‘इतर’. आधीचे रकाने बहुतेक महिन्यांत ठरल्याप्रमाणे चालले होते. ‘इतर’ मात्र दर महिन्याला उतू जाऊन मागच्या पानावर गेलेला. त्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे लाल शाईने एकेक अक्षर होतं. चष्म्याची काच, पुढे ‘आ’, म्हणजे आई. गाडीचे टायर, पुढे नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. सहलीचे पैसे, पुढे धाकट्याचं. पानं उलटताना मला आरोपपत्र वाचतेय असं वाटत होतं. तिचं स्वतःचं अक्षर कुठे दिसेना. तिच्या दातांच्या उपचारांचा खर्च ‘औषधं’ या रकान्यात होता. मी काही बोलले नाही. त्या पानावर जरा थांबले तेव्हा तिच्याच ते लक्षात आलं.

खर्च कुठे कमी करायचा, हा विषय मी पहिल्या काही भेटींत काढतच नाही. या घरात तर तो काढण्यात अर्थच नव्हता, कारण नेहमीचा खर्च आटोक्यात होता. अडचण होती ती त्या शेवटच्या रकान्यात. ज्या खर्चाला आखणीत जागा नसते, तो आला की कुणाच्या तरी माथी मारला जातो. टायर झिजतात, मुलं वाढतात, म्हाताऱ्या माणसाचा नंबर बदलतो. यात दोष कुणाचाच नाही. पण बजेट ज्या ‘साध्या’ महिन्यासाठी आखलेलं असतं, तो महिना वर्षात बहुधा येतच नाही.

मग आम्ही मागच्या बारा महिन्यांची बँकेची नोंद समोर घेतली. येत्या वर्षी किती लागेल हा अंदाज नको, गेल्या वर्षी काय झालं तेवढंच पाहायचं, असं मी सुचवलं. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नियोजनातल्या एका चुकीबद्दल लिहिलं आहे: आपण पुढच्या कामाचा अंदाज मनातल्या चित्रावरून बांधतो, तशाच आधीच्या कामांना प्रत्यक्षात काय लागलं ते विचारात घेत नाही. घरखर्चात हेच होतं. मनातल्या महिन्यात गाडी कधी बिघडत नाही.

‘इतर’मधला एकेक खर्च घेऊन आम्ही विचारत गेलो, हा पुन्हा येणार का? विम्याचा हप्ता, शाळा सुरू होतानाची खरेदी, गाडीची देखभाल, चष्मे, दात, नात्यातली लग्नं, घराची किरकोळ दुरुस्ती. बहुतेक सगळे दरवर्षी येणारे, फक्त कोणत्या महिन्यात ते ठाऊक नसलेले. अगदी अनपेक्षित म्हणावेत असे दोनच निघाले. दर महिन्याचा नेहमीचा खर्च १०० धरला, तर या वर्षखर्चांचा बारावा हिस्सा १६ भरला. म्हणजे दर महिन्याला आपल्याकडे १६ शिल्लक आहेत असं समजून ती वर्षभर आखणी करत होती आणि ते कधीच शिल्लक नव्हते. आकडा बघून तो पहिल्यांदा हसला, सुटल्यासारखा. “म्हणजे मी उडवत नव्हतो!”

उपाय साधा आहे. एक वेगळं खातं उघडायचं, पैसे आले की तो बारावा हिस्सा आधी तिकडे वळवायचा आणि हे खर्च तिथूनच करायचे. त्या खात्यातून टायर घेतले की बजेट मोडत नाही, कारण ते पैसे टायरसाठीच होते. याखेरीज संकटासाठी वेगळी गंगाजळी लागते: नोकरी जाणं, मोठं आजारपण. तिच्यासाठी आधी एका महिन्याच्या अत्यावश्यक खर्चाइतकी रक्कम आणि मग हळूहळू तीन ते सहा महिन्यांची, असं लक्ष्य मी देते. ही दोन खाती एकत्र करू नयेत. एकत्र केली की चष्म्यालाही गंगाजळी फुटते आणि खरं संकट येतं तेव्हा तळ दिसतो.

पुढच्या भेटीला मी आजींनाही बोलावलं. घराचं बजेट दोघांचं असतं असं मानून घरातल्या तिसऱ्या मोठ्या माणसाला बाहेर ठेवण्याची रीत मला पटत नाही. आजी आधी “माझा काय खर्च असणार” एवढंच म्हणत राहिल्या. मग औषधांचा विषय निघाला. रक्तदाबाची गोळी त्या एक दिवसाआड घेत होत्या, कितीतरी महिन्यांपासून. “दर महिन्याला माझ्या नावापुढे लाल शाई दिसते. म्हटलं, तेवढंच पाकीट जास्त दिवस पुरेल.”

सून वहीवर हात ठेवून गप्प बसली. मग म्हणाली, “आई, मला फक्त पैसे कुठे जातात ते कळायला हवं होतं. तुम्ही असं कराल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.”

हा प्रसंग मी मुद्दाम सांगते आहे, कारण अशा घरांत काटकसरीचा भार बहुतेक वेळा सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसावर पडतो आणि तो कुणाला दिसत नाही. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काहीच जाणवत नाही. पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका मात्र वाढत राहतो. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायला सांगितलं, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी कमी-जास्त करायची नाही हेही. आपल्या घरात औषधं, चष्मा, ऐकण्याचं यंत्र लागणारी वडीलधारी माणसं असतील, तर त्यांना ‘काही हवंय का’ असं विचारून पुरत नाही. ती ‘नको’च म्हणतात. गोळ्यांचं पाकीट उघडून पाहा.

अक्षरं लिहिणं त्या दिवसापासून थांबलं. खर्च कशावर झाला ते लिहायचं, कुणामुळे ते नाही.

आता त्याच्या उत्पन्नाचा प्रश्न. चांगला महिना आला की घरात सैलपणा यायचा, पुढचे दोन कोरडे गेले की क्रेडिट कार्डावर खर्च व्हायचा. अशा उत्पन्नात नुसत्या सरासरीवर विसंबलं की माणूस फसतो. सरासरी बरोबर असली तरी पैसे सरासरीने येत नाहीत, आणि आधी वाईट महिने आले तर चांगल्या महिन्यांची वाट पाहीपर्यंत कर्ज होतं. त्याची सगळी येणी एकाच खात्यात जमा करायची, त्यातून मालाचे, कारागिरांचे आणि कराचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून त्याने घराला दरमहा ठरलेली रक्कम द्यायची, स्वतःला पगार दिल्यासारखी, असं ठरवलं. ती रक्कम किती? गेल्या वर्षीच्या जमा रकमा महिन्यांच्या क्रमाने मांडल्या आणि कोणत्या आकड्यावर खातं एकदाही रिकामं झालं नसतं ते करून पाहिलं. त्याच्या सरासरीच्या साधारण तीन-पंचमांश निघाली. त्याला ती फारच कमी वाटली. पण खात्यात शिल्लक साठत गेली की ती वाढवता येते. आधी वाढवून नंतर कमी करणं घराला जास्त जड जातं.

कार्डाचं कर्ज त्याने तिच्यापासून लपवलं होतं, हेही याच भेटीत बाहेर आलं. त्यावर ती रागावली आणि ते योग्यच होतं. मी तो राग आवरायला गेले नाही. राग ओसरल्यावर गणित पाहिलं. व्याज महिन्याला ३ टक्के. वर्षाला ३६ वाटतात, चक्रवाढीने ४२ टक्क्यांहून जास्त होतात. तो दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के एवढी किमान रक्कम भरत होता. त्यातले ३ व्याजातच जातात, मूळ रक्कम जेमतेम २ टक्क्यांनी उतरते. या गतीने, एकही नवी खरेदी न करता, कर्ज नुसतं निम्मं व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागली असती. म्हणून गंगाजळीत एका महिन्याची सोय झाल्यावर पुढची प्रत्येक जादा रक्कम आधी या कर्जात, मग बचतीत, असा क्रम लावला. इतक्या व्याजाचं कर्ज डोक्यावर ठेवून बचत वाढवण्यात शहाणपण नाही.

मध्येच तो कुठूनतरी पन्नास-तीस-वीसचं सूत्र घेऊन आला: निम्मं गरजांवर, ३० टक्के हौशीवर, २० टक्के बचत आणि कर्जफेडीला. आपण यात बसत नाही म्हणून दोघंही खट्टू झाली होती. सूत्र वाईट नाही, पण ते प्रत्येक घराला बसेल हा आग्रह चुकीचा आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ सालीच दाखवलं होतं की उत्पन्न कमी असेल तितका अन्नावर जाणारा त्याचा हिस्सा मोठा असतो. म्हणजे ज्याचं उत्पन्न कमी किंवा घरात माणसं जास्त, त्याच्या गरजा निम्म्यात मावणारच नाहीत, आणि त्यात त्याचा बेशिस्तपणा नसतो. तुमचा हिस्सा तुमच्या गेल्या वर्षाशी ताडून पाहा, दुसऱ्याच्या सूत्राशी नको.

बोलायचं कधी, हेही ठरवावं लागलं. दोघंही पैशाचा विषय महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काढत, म्हणजे नेमके खिसा रिकामा असताना. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे हातात असताना त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. चणचणीच्या काळात त्यांची कामगिरी उतरलेली दिसली. माणसं तीच होती. चणचण डोक्यातली जागा खाते. त्यामुळे मोठे निर्णय आता पैसे जमा झाल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीला होतात, आजींसह. शेवटच्या आठवड्यात वाद पेटू लागला तर ‘बैठकीत बोलू’ एवढंच म्हणायचं.

प्रत्येक मोठ्या माणसाला, आजींनाही, दरमहा थोडी समान रक्कम बिनहिशेबाची मिळते. ती खर्च झाली, साठवली, कुणाला दिली, विचारायचं नाही. या एका गोष्टीला मी कितीही तंगी असली तरी हात लावू देत नाही. हवं तर रक्कम अगदी लहान करा. मोठ्या माणसाला प्रत्येक वेळी मागावं लागलं की खोटं बोलणं सुरू होतं.

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. एकानेच सगळे पैसे ताब्यात ठेवले असतील, दुसऱ्याला औषधासाठीही हात पसरावा लागत असेल, नोकरी करू दिली जात नसेल किंवा कर्जामागे जुगार असेल, तर बजेटच्या वहीने ते सुटणार नाही. तो नियंत्रणाचा किंवा व्यसनाचा प्रश्न आहे आणि त्याला वेगळी मदत घ्यावी. या घरात तसं नव्हतं.

कोरड्या महिन्यासाठी त्यांनी एक यादी आधीच करून ठेवली आहे: काम थांबलं तर कोणते खर्च कोणत्या क्रमाने बंद करायचे. सगळ्यात आधी बाहेरचं फिरणं आणि नवी खरेदी, मग मुलांचे जादा वर्ग. औषधं, विमा आणि घराचा हप्ता यांना हात नाही. मुलांनाही ती यादी वाचून दाखवली, कारण काही लपवलं जातंय हे मुलांना आकड्यांच्या कितीतरी आधी कळतं. थोरलीने विचारलं, आमचे वर्ग दुसऱ्या नंबरवर का? त्यावर बरीच चर्चा झाली आणि दोनपैकी एक वर्ग वाचला.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. त्याचा धाकटा भाऊ अधूनमधून उसने मागतो आणि परत देत नाही. वर्षाला एक ठरलेली रक्कम, ती दिली म्हणजे गेली असं धरून, असं मी सुचवलं आहे. त्याला ती रक्कम तुटपुंजी वाटते, तिला एवढीही नको आहे. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे, आणि तोवर भावाला ‘विचारून सांगतो’ असं सांगायचं, यावर दोघांचं एकमत आहे.