परिचारिकांचे प्रश्न : नवा तक्ता, नवे पंप आणि जर्मनीची वाट

प्रश्न : आमच्या पन्नास खाटांच्या रुग्णालयात टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट जाऊन ‘न्यूज-२’चा, म्हणजे रुग्ण खालावतोय का हे गुणांवरून ओळखण्याचा, तक्ता आला आहे. दर वेळी सात नोंदी आणि त्यांची बेरीज. लिहिणं वाढलं, पण रुग्णाला त्याचा काही फायदा होतो का?
(स्टाफ नर्स, सांगली)

उत्तर : होतो, पण श्वास खरोखर मोजला तरच. तुमच्याच वॉर्डातले जुने चार्ट काढून पाहा. नाडी आणि ताप बदलत गेलेले दिसतील. श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने २०, २०, २०. रुग्ण खालावू लागला की बहुतेक वेळा आधी श्वास वाढतो. रक्तदाब शरीर बराच काळ तोलून धरतं आणि तो पडतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणजे सगळ्यात आधी सावध करणारा रकानाच आपण अंदाजाने भरत आलो.

नाडी पाहून झाली तरी मनगट सोडू नका. रुग्णाचा हात त्याच्या छातीवर आडवा ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद छातीचं वरखाली होणं मोजा. श्वास मोजतोय हे त्याला सांगू नका, सांगितलं की श्वासाची लय बदलते. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारांची होते. तक्त्यात १२ ते २० ला शून्य, २१ ते २४ ला २ आणि २५ पासून पुढे ३ गुण आहेत, त्यामुळे एवढ्या चुकीने सगळं चित्र फिरतं.

एक उदाहरण घ्या. आतड्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण, तिसरा दिवस. श्वास २२ (२ गुण), ऑक्सिजन ९४ टक्के (१), बाहेरून ऑक्सिजन नाही (०), वरचा रक्तदाब १०८ (१), नाडी १०४ (१), पूर्ण शुद्धीत (०), ताप १००.८ (१). सुटा पाहिला तर यातला एकही आकडा घाबरवणारा नाही. बेरीज मात्र ६. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये हा तक्ता आणला आणि २०१७ मध्ये सुधारला, तो अशाच रुग्णांसाठी. बेरीज ५ किंवा ६ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचं आणि निदान दर तासाला नोंद ठेवायची. ७ किंवा त्याहून जास्त झाली की आपत्कालीन. एकाच रकान्यात ३ गुण आले तरी कळवायचं, बेरीज कमी असली तरी.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. तक्ता सेल्सिअसमध्ये आणि वॉर्डातला थर्मामीटर फॅरेनहाइटमध्ये असतो, १००.६ पासून १ गुण आणि १०२.४ पासून २, हे तक्त्यावरच पेनने लिहून ठेवा. मास्क लावून ९७ टक्के आले की शून्य लिहून मोकळं होतात. बाहेरून दिलेल्या ऑक्सिजनचे २ गुण वेगळे धरायचे असतात. रुग्ण नव्याने बरळू लागला तर ३ गुण. ‘वयामुळे असेल’ म्हणून ते सोडू नका. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) काही रुग्णांसाठी ८८ ते ९२ टक्क्यांची वेगळी पट्टी आहे, ती वापरायची की नाही हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं. गरोदर स्त्रिया आणि १६ वर्षांखालच्या मुलांसाठी हा तक्ता नाही.

फोनवर ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच सांगू नका. ‘सर, मेल सर्जिकल, सात नंबर. आतड्याचं ऑपरेशन, तिसरा दिवस. स्कोअर सकाळी २ होता, आता ६. श्वास २२, पोट ताठ लागतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा.’ वेळ आणि मिळालेलं उत्तर केस पेपरवर लिहा. ओव्हर (पुढच्या पाळीला माहिती) देताना नुसता आताचा आकडा देऊ नका, आधीचाही सांगा.

प्रश्न : नव्या सिरिंज पंपांत (सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने देणारी यंत्रं) औषधांची यादी आणि मर्यादा आधीच भरलेल्या आहेत. मग डोसचं गणित हाताने कशाला करायचं?
(आयसीयू नर्स, नाशिक)

उत्तर : सिरिंजमध्ये काय भरलंय ते पंपाला दिसत नाही. नोरॲड्रेनालिन (रक्तदाब वाढवणारं औषध) ४ मि.ग्रॅ. ५० मि.लि.मध्ये घेतलं की एका मि.लि.मध्ये ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर मिनिटाला ६, तासाला ३६०, म्हणजे तासाला ४.५ मि.लि. आता रात्रपाळीने ८ मि.ग्रॅ. भरलं आणि वेग तोच ठेवला, तर डोस दुप्पट आणि पंप गप्प. म्हणून भरणारी एक आणि गणित तपासणारी दुसरी, सिरिंजवर औषध, प्रमाण, वेळ आणि दोघींच्या सह्या. अँप्युलचं लेबलही नीट वाचा : नोरॲड्रेनालिन बायटार्ट्रेट २ मि.ग्रॅ. म्हणजे नोरॲड्रेनालिन १ मि.ग्रॅ.च. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल यातलं कोणतं वजन धरतो, हे सगळ्यांना एकसारखं ठाऊक हवं.

सिरिंजचा ब्रँड पंपावर चुकीचा निवडला तर सिरिंजचा व्यास वेगळा धरला जातो आणि वेग चुकतो. नळी दुमडून अलार्म झाला तर लगेच क्लॅम्प उघडू नका. आत दाब साठलेला असतो, ते औषध एकदम रुग्णात जातं. आधी रुग्णाकडची बाजू बंद ठेवून दाब सोडवा.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) की बी.एस्सी. नर्सिंग? पुढे नवीन काय आहे?
(पालक, लातूर)

उत्तर : जमत असेल तर चार वर्षांचं बी.एस्सी. घ्या. जीएनएम तीन वर्षांत होतं. नंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं, पण त्यात आणखी दोन वर्षं जातात. नव्या वाटा बहुतेक पदवीनंतरच्या : भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम किंवा आयुष्मान भारतखाली आरोग्य केंद्रांतलं सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्याचं पद. २०१८ च्या धोरणानुसार प्रसूतीसेवेतला १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम जीएनएमनाही खुला आहे. कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे का आणि मुलींना रोज किती रुग्णांजवळ काम मिळतं, ते विचारा.

प्रश्न : जर्मनीत जायचं आहे. एजंट म्हणतो, सहा महिन्यांत पोचवतो.
(परिचारक, रत्नागिरी)

उत्तर : सहा महिन्यांत भाषाच होत नाही. परिचारक म्हणून पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते; शून्यापासून तिथवर ६०० ते ८०० तासिका. शिक्षणात तफावत निघाली तर तिथे ज्ञान-परीक्षा किंवा पुरवणी प्रशिक्षण, आणि मान्यता मिळेपर्यंत साहाय्यकाचं काम आणि साहाय्यकाचा पगार. तिथे आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे नर्सचंच काम आहे, नातेवाइकांचं किंवा मावशींचं नाही. हे आधी ठाऊक नसलेली मुलं नाराज होऊन परततात. महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी २०२४ मध्ये करार केला आहे, त्याबाबत शासनाकडे चौकशी करा. एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही हाती देऊ नका, आणि नोकरी सोडल्यास किती रक्कम परत करावी लागेल हे नोकरीच्या करारात शोधल्याशिवाय सही करू नका.