पॉकेट गेलं, आता रीडेकपासून सुरुवात करा

लेख नंतर वाचायला साठवून ठेवणारी पॉकेट ही सेवा ८ जुलै २०२५ ला बंद झाली. तुम्ही तिथून उतरवून ठेवलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्यासारखी साधी यादी) दुवे, शीर्षकं, टॅग अशी माहिती आहे, लेखांचा मजकूर नाही. त्यामुळे ही यादी नव्या ॲपमध्ये आयात करणं लांबवू नका, जुने दुवे मरत जातात.

नवख्यांना मी रीडेकच सुचवेन, पॉकेटचंच काम स्वतःच्या संगणकावर करणारं ॲप. एकच फाइल चालवायची, वेगळा डेटाबेस लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि लेख चित्रांसकट साठवतं. सर्व्हर (ॲप चालवणारा स्वतःचा संगणक) सांभाळायचाच नसेल तर वॉलाबॅग या अशाच ॲपची सशुल्क सेवा घ्या. काराकीप हे तिसरं ॲप सध्या राहू द्या, त्याला मेमरी जास्त लागते.

या चुका टाळा:
- डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) वापरताना डेटा फोल्डर कंटेनरबाहेरच्या फोल्डरशी न जोडणं. कंटेनर नव्याने बनवला की सगळे लेख जातात.
- राउटरवर पोर्ट उघडणं, म्हणजे रीडेक बाहेरच्या इंटरनेटला खुलं करणं. आधी घरच्या वायफायपुरतंच ठेवा.
- नागपूरच्या मे महिन्यात रास्पबेरी पाय (छोटा संगणक) बंद कपाटात ठेवणं. तापला की वेग घटतो, मोकळ्या हवेत ठेवा.