मतदान घेऊ नकोस

अरे, तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि मग झोप काही लागली नाही. स्पर्धेला या पण "त्या दोघांना" सोडून या, असं आयोजक म्हणाले, कारण कुणी तोंडाने बोललं नाही पण सगळ्यांना माहितीये, आणि तू विचारतोयस सर, टीमचं मत घेऊ का. थांब जरा. आधी एक गोष्ट ऐक, कबड्डीची नाही, अमेरिकन फुटबॉलची.

1951 साल, युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को, जेझुइट पाद्र्यांचं छोटंसं कॉलेज, टीमचं नाव डॉन्स, कोच जो कुहारिक. त्या सीझनला 9 मॅच खेळले आणि नऊच्या नऊ जिंकले. त्यांच्यात ऑली मॅटसन नावाचा पोरगा होता, बॉल घेऊन पळायचा तो 1,566 यार्ड पळाला त्या सीझनला, अख्ख्या देशात पहिला. न्यूयॉर्कला फोर्डहॅमशी मॅच होती, तिथे समोरच्यांची किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना लांब मारलेली किक, झेलून हा पठ्ठ्या सगळ्यांच्या मधून थेट पार शेवटच्या रेषेपलीकडे, आणि एकदा नाही, त्याच मॅचमध्ये दोनदा! मॅच सुटली 32-26, म्हणजे ते दोन टचडाऊन नसते तर हातातून गेलीच होती.

मॅटसन काळा, बर्ल टोलरही काळा. सीझन संपला की नवीन वर्षाच्या सुमारास निवडक टीमना बोलावून मोठे सामने होतात, त्यांना बोल म्हणतात, अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वर्णभेद उघड होता, तिकडून अट आली की या दोघांना घरी ठेवून या. आता बघ, कॉलेजला टीमचा खर्च झेपत नव्हता, बोलचे पैसे आले असते तर टीम कदाचित वाचली असती. पोरं नाही म्हणाली. आणि खेळाडू म्हातारपणीही हेच सांगायचे की मतं वगैरे घेतलीच नाहीत.

मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. मत घ्यायचं म्हटलं की ती दोघं समोर बसलेली असणार, कोण हात वर करतं आणि कोण मान खाली घालून नी-कॅप ओढत बसतं ते बघणार, आणि मग त्यातलाच एक उठून म्हणणार, जाऊ दे रे, तुम्ही जा. मी हे वाक्य ऐकलंय. कॉलेजात असताना आमच्या टीमची अशीच मीटिंग झाली, तो असंच म्हणाला, आम्हाला सुटल्यासारखं झालं आणि आम्ही गेलो, कप आणला. तो परत कधी मातीत उतरला नाही, इतक्या वर्षांनी मला ती मॅच आठवत नाही पण चपला हातात घेऊन बाहेर जाणारा तो आठवतो.

फुकटात होणार नाही हेही सांगतो. डॉन्सना बोल मिळाला नाहीच, वर कॉलेजने त्या सीझननंतर टीमच बंद केली. मॅटसन 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेला, जिथे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबांनी ब्राँझ मिळवलं ना, तिथेच त्याने 400 मीटरला ब्राँझ घेतलं. तो, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, एकाच कॉलेज टीममधले तिघं पुढे प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये. टोलरचा मात्र गुडघा गेला, प्रो खेळलाच नाही, शाळेत शिकवायला लागला, मुख्याध्यापक झाला आणि 1965 ला एनएफएलचा, म्हणजे तिकडच्या प्रो फुटबॉल लीगचा, पहिला काळा पंच.

तुमचं बक्षीस जाईल, नवीन मॅटचे पैसे त्यातूनच काढायचे होते हे मला माहितीये, त्याचं आपण बघू. आयोजकांना फोनवर वाद घालू नकोस, दोन ओळी लेखी पाठव, टीम पूर्ण येईल नाहीतर येणार नाही. पाठव आणि मगच त्या दोघांना सांग, आधी विचारू नकोस. संध्याकाळी प्रॅक्टिस नेहमीच्या वेळेला घे, दोघांना पहिल्या सातात उभं कर. मी साडेपाचला येतोय.