फ्लॉरेन्समध्ये खाताना, घेताना

पहिल्यांदाच जाताय, तर कॉफीपासून सुरुवात करा. काउंटरवर उभ्यानं प्या, इटालियन लोकही तशीच पितात. तीच कॉफी टेबलावर बसून घेतली की बिल बरंच फुगतं. हॉटेलच्या बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर वाद घालू नका. तो माणशी बसण्याचा आकार असतो, मेन्यूवर लिहिलेला असतो.

पाव तोंडात घातल्यावर अळणी लागेल. बिघडलेला नाही, टस्कनीतला, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातला, पाव बिनमिठाचाच. शिळ्या पावाचा, टोमॅटोचा ‘पाप्पा अल पोमोदोरो’ मात्र जरूर खा, आपल्या फोडणीच्या पोळीचा लांबचा भाऊच म्हणा ना! शाकाहारी असाल तर ‘रिबोल्लिता’ हे भाज्या-पावाचं दाट सूप मागवताना मांसाचं पाणी वापरलंय का ते विचारा. पार्मेजान चीजमध्येही वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतं, हे बऱ्याच जणांना घरी परतल्यावर कळतं. ‘बिस्तेक्का’चा, म्हणजे गोमांसाच्या जाड स्टेकचा, भाव वजनावर असतो, वजन आधी विचारा.

जिलातोचे, म्हणजे इटालियन आइस्क्रीमचे, रंगीत डोंगर रचलेत, पिस्ता पोपटी आहे? पुढे चला. खरा पिस्ता मळकट हिरवा असतो.

चामड्यासाठी सगळे सान लोरेन्झो बाजारातल्या ठेल्यांकडे धावतात. मीही धावलो होतो; घेतलेल्या पट्ट्याचे दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले. आता मी पट्ट्याची कापलेली कड बघतो: आत तंतू दिसले तर चामडं, कापडाचा थर दिसला तर खाली ठेवतो. सांता क्रोचे चर्चच्या मागे चामड्याची शाळा आहे, तिथे कारागीर काम करताना दिसतात. महाग आहे, पण नजर तयार होते. फुटपाथवरच्या नकली ब्रँडेड पर्सला हातही लावू नका, इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो.